‘तुला कुठेही ठेवणार नाही’ असे आईला वचन दिले होते. आता काय करू?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४९ वर्षांच्या आहेत. त्यांच्या ७७ वर्षांच्या आईला तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराचे, निदान झाले. तेव्हा आई म्हणाली होती, ‘मला कुठे नेऊन ठेवू नकोस’, आणि त्यांनी तसे वचन दिले. आता आईला अंघोळ, कपडे, औषधे या प्रत्येक गोष्टीसाठी कोणीतरी जवळ लागते. पाकीट सापडले नाही की ती मुलीवरच चोरीचा आळ घेते. गेल्या दोन-तीन आठवड्यांपासून ती रात्री जागी राहते आणि दार उघडून बाहेर जाऊ पाहते. पत्रलेखिकेने पूर्णवेळ नोकरी सोडून अर्धवेळ काम पत्करले आहे आणि स्वतःच्या रक्तदाबाची तपासणी वर्षभर लांबणीवर टाकली आहे. दूर राहणारा धाकटा भाऊ रोज फोन करतो, पण ‘आई माझ्याशी तर व्यवस्थित बोलते, तूच फार ताण घेतेस’ असे त्याचे म्हणणे असते. मागच्या आठवड्यात अंघोळीवरून झालेल्या ओढाताणीत पत्रलेखिकेने आईचे मनगट इतके घट्ट धरले की वळ उठला. ‘हे सगळे एकदाचे संपावे असे मनात येते आणि मग मला माझीच भीती वाटते. मी वाईट मुलगी आहे का? आईला एखाद्या केंद्रात पाठवणे म्हणजे वचन मोडणे नाही का?’ असे त्या विचारतात.

उत्तर :

नमस्कार.

तुम्ही शेवटी जे विचारले आहे त्यावर येण्याआधी मनगटावरच्या त्या वळाविषयी बोलणे आवश्यक आहे. तो प्रसंग कोणी पाहिला नव्हता, तरीही तुम्ही तो लिहिलात, आणि त्याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. ‘एवढ्या ताणात असे होणारच’ असे म्हणून तो सोडून देता येणार नाही, कारण आईला स्वतःचा बचाव करता येत नाही आणि काय घडले हे ती कोणाला नीट सांगूही शकत नाही. पण त्या एका क्षणावरून आपण मुलगी म्हणून कशा आहोत याचा निकाल तुम्ही लावून टाकला आहे, तोही मला मान्य नाही. जी बाई आठवडेच्या आठवडे सलग झोपलेली नाही, तिच्या हातून नेमक्या त्याच वेळी तोल सुटला, यातून तिच्या मायेविषयी काहीच सिद्ध होत नाही. घरातली आत्ताची व्यवस्था एका माणसाच्या ताकदीबाहेर गेली आहे, एवढे मात्र निश्चित सिद्ध होते. म्हणून आजपासून एक नियम करा. ओढाताण सुरू होताच हातातले काम तिथेच सोडायचे, आईला सुरक्षित जागी बसवायचे आणि दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जायचे. अंघोळ राहिली तर राहू द्या. या आजारात अनेकदा तेवढ्या वेळात भांडणाचा विषय आईच्या मनातून निघून गेलेला असतो आणि तीच गोष्ट नव्याने, वेगळ्या सुरात सुरू करता येते. जे घडले ते आईच्या डॉक्टरांनाही, मला लिहिलेत त्याच शब्दांत, सांगा.

‘संपावे’ या विचाराबद्दल. दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या माणसांच्या मनात तो येतोच. फक्त तो उघड बोलण्याची सोय नसते. बहुतेकांना आईवडील संपायला नको असतात, ही अवस्था संपायला हवी असते. समोर बसलेल्या माणसातून आपले माणूस थोडे थोडे निघून चालले आहे आणि त्याचा शोकही करता येत नाही, कारण माणूस तर घरातच आहे, या अवघड दुःखाचा अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून केला आहे. अंत स्पष्ट नसलेल्या या वियोगात माणूस गोंधळतो आणि स्वतःलाच दोष देत राहतो. तो गोंधळ त्या परिस्थितीतून येतो, माणसाच्या दुबळेपणातून नव्हे, असे त्यांचे सांगणे आहे. तुम्ही तीन वर्षे शोक करत आहात आणि त्याच वेळी कामही करत आहात. मात्र हा विचार स्वतःला किंवा आईला इजा करण्याच्या दिशेने वळू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला फोन करा, आणि मदत येईपर्यंत घरात दुसरे कोणीतरी असेल असे पाहा.

दुसरी तातडीची गोष्ट म्हणजे आईचे रात्रीचे जागरण. हा बदल दोन-तीन आठवड्यांतला आहे असे तुम्ही लिहिले आहे, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. अल्झायमर सहसा महिन्यामहिन्यांनी सरकतो. काही दिवसांत एकदम बदललेल्या वागण्यामागे बहुधा आणखी काहीतरी असते, जसे की लघवीच्या मार्गातला संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातले पाणी कमी होणे, दातांचे किंवा सांध्यांचे दुखणे, नव्याने सुरू झालेले एखादे औषध. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ‘मला दुखते आहे’ हे अनेकदा सांगता येत नाही, ते दुखणे चिडचिडीतून आणि येरझाऱ्यांतून बाहेर पडते. म्हणून ‘आजार वाढला’ असे गृहीत न धरता आईला याच आठवड्यात तपासून घ्या. शांत करणारे औषध मागण्याचा मोह होईल, आणि काही वेळा ते लागतेही. पण मनोविकारांवरच्या काही औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, त्यामुळे आधी कारण शोधणे, आणि औषध द्यावेच लागले तर ते कमीत कमी मात्रेत, थोड्या काळासाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली देणे, हाच क्रम असला पाहिजे.

अंघोळीचा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. शुश्रूषा करणारी बहुतेक माणसे याच ठिकाणी थकतात. आईच्या बाजूने ते दृश्य पाहा. न्हाणीघरात पाणी आदळल्याचा मोठा आवाज होतो आहे, अंग उघडे पडून थंडी वाजते आहे, पायाखाली ओले आहे, आणि जिची ओळख कधी पटते कधी पटत नाही अशी एक बाई अंगावरचे कपडे काढू पाहते आहे. अशा वेळी आपण सगळेच हात झटकू. म्हणून पाणी आधीच काढून ठेवावे, खोली उबदार असावी, आईने खुर्चीवर बसावे, खांद्यांवर आणि मांडीवर मोठा टॉवेल शेवटपर्यंत राहू द्यावा आणि तो थोडा थोडा सरकवत अंग धुवावे. सुरुवात पायांपासून करावी, डोक्यावर पाणी अगदी शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी. ओला कपडा तिच्या हातात दिला तर पुष्कळदा ती स्वतःच हात-तोंड पुसू लागते. आणि अंघोळ रोज झालीच पाहिजे असे नाही. एक दिवसाआड अंग पुसून घेतले तरी त्वचा निरोगी राहते, आणि रोजची एक लढाई वाचते.

चोरीचा आळ सहन करणे त्याहून कठीण आहे, कारण तो सर्वांत जवळच्या माणसावरच येतो. आईने पाकीट कुठे ठेवले हे तिला आठवत नाही, आणि आपल्याला आठवत नाही हेही तिला कळत नाही. मग पाकीट नाहीसे होण्याचे तिच्या दृष्टीने एकच कारण उरते, ते म्हणजे कोणीतरी ते घेतले, आणि घरात समोर असता तुम्हीच. यात तुमच्याविषयीचे तिचे जुने मत उघड होत नाही. ‘मी कशाला घेऊ तुझे पैसे?’ या उत्तराने वाद पेटतो, कारण पुरावा तोलणारी मेंदूची यंत्रणाच आजाराने मोडली आहे. ‘पाकीट सापडत नाही का? जीव घाबरा होतोच अशाने. चल, आपण दोघी शोधू,’ असे म्हणून कपाटाकडे चालू लागलात तर तिच्या भीतीला उत्तर मिळते. तसेच दिसणारे दुसरे एक पाकीट थोडे पैसे घालून जवळ ठेवावे, ही युक्ती अनेक घरांत चालते. एवढे करूनही काही दिवस ती तुम्हाला चोर म्हणेल आणि ते शब्द लागतील. कारण समजले म्हणून ते लागायचे थांबत नाहीत, आणि थांबले पाहिजेत अशी अपेक्षाही स्वतःकडून करू नका.

आता तुमच्या पत्रात जे गृहीतच धरले आहे त्याकडे येऊ या. खरी माया असेल तर सगळे आपणच करायला हवे, आणि स्वतःच्या प्रकृतीकडे त्यातून उरलेल्या वेळात पाहायचे, असे तुम्ही मानले आहे. असा वेळ उरत नाही, हे तुमच्या लांबलेल्या तपासणीवरूनच दिसते. १९९५ साली ओहायो राज्यात झालेल्या एका छोट्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या आणि तेवढ्याच इतर स्त्रियांच्या हातावर सारखीच बारीक जखम करून ती भरून येण्याचा काळ मोजण्यात आला; शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना सरासरी ९ दिवस जास्त लागले. ताण शरीरात उतरतो तो असा. तुमच्या मनात कदाचित आणखी एक भीती असेल, जी आईवडिलांना सांभाळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या मनात असते : उद्या मलाही हेच होईल का? उतारवयात होणारा अल्झायमर बहुतेक वेळा आईकडून मुलीकडे थेट येत नाही. आईला असल्याने मुलीचा धोका काहीसा वाढतो, इतकेच. दुसरीकडे, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणे मांडली, त्यांत उच्च रक्तदाब, नैराश्य, एकाकीपणा आणि व्यायामाचा अभाव ही कारणे आहेत. आईसाठी म्हणून तुम्ही ज्या गोष्टींकडे पाठ फिरवली आहे, त्या नेमक्या याच. तुमचा रक्तदाब, तुमची झोप, तुमच्या मैत्रिणी हे सगळे आईच्या शुश्रूषेच्या नियोजनात, तिच्या औषधांच्या वेळांइतक्याच ठळकपणे, लिहिलेले असले पाहिजे. तुम्ही अंथरुणाला खिळलात तर तिचे सर्वांत आधी हाल होतील.

नियोजन म्हणजे प्रत्यक्ष कागदावरचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये घरच्या माणसांनी अशा रुग्णांसाठी दिवसाला सरासरी ५ तास दिले, आणि एकूण तासांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी दिले. आजार पुढे सरकतो तसे हे तास वाढतात. निदानानंतर साधारण ४ ते ८ वर्षे आणि काहींच्या बाबतीत २० वर्षांपर्यंत हा काळ लांबू शकतो, म्हणजे तुम्ही कदाचित मध्यावरही नसाल. म्हणून एक आठवडाभर वहीत आईच्या चोवीस तासांचा हिशेब लिहा : कोणत्या वेळी तिला प्रत्यक्ष हात लागतो, कोणत्या वेळी नुसती सोबत पुरते, कोणत्या वेळी ती झोपलेली असते पण कोणीतरी जागे असावे लागते. आठवड्याच्या शेवटी ‘मी आणखी किती सहन करू’ हा प्रश्न बदलून ‘हे तास कोणाकोणात वाटू’ असा होईल, आणि त्याचे उत्तर शोधता येते. सोबतीचे तास शेजारच्या किंवा नात्यातल्या माणसाला देता येतात, हात लागणारे तास सराव झालेल्या मदतनीसाला. आणि रात्रीचे तास आठवड्यातून निदान दोनदा तुमच्याकडे असताच कामा नयेत. झोपेच्या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. सध्या रात्री बाहेरच्या दाराला आईच्या नजरेत न येणारी कडी आणि दार उघडताच वाजणारी घंटा लावा, मात्र आग किंवा अपघात झाल्यास घरातल्या बाकी सगळ्यांना ते चटकन उघडता आले पाहिजे.

याच वहीचा उपयोग भावाशी बोलताना होईल. तो खोटे बोलत नाही. स्मृतिभ्रंशाच्या बऱ्याच टप्प्यांपर्यंत माणूस थोडा वेळ, विशेषतः फोनवर, सवयीच्या वाक्यांवर छान निभावून नेतो. ‘तू कसा आहेस, जेवलास का’ हे विचारायला ताजी आठवण लागत नाही. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी आई ‘कोणाचा फोन होता’ असे विचारते, ते त्याला ऐकू जात नाही. म्हणून त्याला पटवत बसण्याऐवजी चार दिवस बोलवा, आणि ते चार दिवस तुम्ही घरात राहू नका. रात्रीसुद्धा. त्यानंतरच्या बोलण्यात ‘तू काहीच करत नाहीस’ हे वाक्य टाळून वहीतले तास समोर ठेवा आणि नेमके मागा : महिन्यातले कोणते दिवस तो येऊन राहील, मदतनीसाच्या खर्चाचा किती वाटा उचलेल, आणि बिले, विमा, औषधांची मागणी, डॉक्टरांच्या वेळा यांतले काय दुरूनच कायमचे सांभाळेल. ‘काही लागले तर सांग’ हे आश्वासन प्रेमाचे असते, पण त्यात सांगण्याचे कामही पुन्हा तुमच्यावरच येते. न्यू यॉर्क विद्यापीठात अल्झायमर झालेल्यांच्या जोडीदारांवर वर्षानुवर्षे चाललेल्या एका अभ्यासात समुपदेशक शुश्रूषा करणाऱ्याबरोबरच त्याच्या कुटुंबीयांनाही बसवून बोलत असत, आणि नंतरही फोनवर उपलब्ध राहत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या घरांतल्या रुग्णांना निवासी केंद्रात हलवण्याची वेळ साधारण ५५७ दिवसांनी पुढे गेली. तुम्ही मुलगी आहात, जोडीदार नाही, पण कुटुंब एकत्र बसले की सांभाळणाऱ्याचे बळ वाढते ही गोष्ट दोघांनाही लागू आहे. भावाबरोबरचे बोलणे चिघळते असे वाटले तर डॉक्टरांसमोर किंवा समुपदेशकासमोर बसा.

आणि आता ते वचन. तीन वर्षांपूर्वी आईला कशाची भीती वाटत होती, याचा विचार करा. ‘मला कुठे ठेवू नकोस’ म्हणताना बहुतेक माणसांच्या मनात एखादी इमारत नसते. आपण नकोसे होऊ, आपल्याला परक्यांत सोडून सगळे निघून जातील, ही भीती असते. तुम्ही उत्तर दिलेत तेही त्या भीतीला. त्या दिवशी तुम्हा दोघींनाही या आजाराचा आजचा टप्पा माहीत नव्हता, आणि रोज चिडलेल्या, झोप उडालेल्या मुलीच्या हाती आपण असावे असे तिने मागितले नव्हते. वचनाचा गाभा ‘तुला एकटी पडू देणार नाही’ हा असेल, तर तो पाळण्याचे मार्ग एकापेक्षा जास्त आहेत.

माझे मत विचारता तर आज निवासी केंद्राचा निर्णय घेऊ नका. थकव्याच्या टोकावर घेतलेला तो निर्णय नंतर फार टोचतो, आणि त्याआधीचे पर्याय तुम्ही वापरूनच पाहिलेले नाहीत. दिवसाच्या देखभाल केंद्रापासून सुरुवात करावी, आठवड्यातून दोन दिवस, काही तास. पहिले काही दिवस आई कुरकुरेल, घरी चल म्हणेल. नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो, तेव्हा एका दिवसावरून प्रयोग गुंडाळू नका. घरी मदतनीस ठेवलीत तर पहिल्या काही दिवसांत तिच्याबरोबर राहून आईच्या सवयी शिकवा आणि मग खरोखर बाहेर पडा. घरात मदतनीस असूनही मुलगी तिच्या मागे मागे फिरते, असे फार घरांत होते, आणि पैसे जाऊनही विसावा मिळत नाही. एवढे करूनही आई घरात सुरक्षित राहत नसेल, तिला उचलायला दोन माणसे लागत असतील, किंवा तुमची प्रकृती ढासळत असेल, तर निवासी केंद्र हा त्या वेळचा योग्य निर्णय असेल. त्याची पाहणी मात्र आत्ताच, निकड नसताना करून ठेवा. न कळवता संध्याकाळी जा, कारण या आजारात अस्वस्थता बहुधा संध्याकाळी वाढते आणि कर्मचारी तेव्हा कसे बोलतात ते दिसते. रात्री किती माणसे कामावर असतात, नातेवाइकांना केव्हाही येता येते का, अंघोळीला नकार दिला तर काय करतात, हे विचारा; शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून बरेच कळते. आईवडिलांना केंद्रात ठेवल्यावरही मुलांची शुश्रूषा थांबत नाही. अंघोळ आणि औषधे दुसऱ्यांकडे गेल्यावर कित्येक मुली पुन्हा आईजवळ नुसत्या बसू शकतात, तिचे केस विंचरू शकतात.

आर्थिक आणि वैद्यकीय निर्णयांचे अधिकार कोणाकडे असावेत, याची कायदेशीर व्यवस्था आईला अजून काही समजते आहे तोवर वकिलाला विचारून करून घ्या, आणि भावाला त्यात सामील करा.

शेवटी तुमच्या मनाची देखभाल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तयार झालेल्या ‘स्टार्ट’ या कार्यक्रमात शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांना एकेकट्याने ८ भेटींत वागण्यामागची कारणे ओळखणे, स्वतःला दोष देणारे विचार तपासणे, मदत मागणे, मन सैल करणे आणि पुढची तयारी या गोष्टी शिकवल्या जातात. त्यांच्यातले नैराश्य आणि चिंता त्यामुळे कमी झाली, आणि हा फायदा ६ वर्षांनंतरही टिकून असल्याचे आढळले. असे शिक्षण देणारा समुपदेशक शोधा. शुश्रूषा करणाऱ्यांचा आधारगट जवळ किंवा ऑनलाइन असेल तर त्यातही जा, कारण मनगटाची गोष्ट तिथे सांगितली तर कोणी दचकणार नाही आणि कोणी तुम्हाला ‘आईच आहे ना ती’ असे ऐकवणारही नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, रडू आवरत नसेल किंवा भूक मेली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. आईचा आजार बरा होत नाही म्हणून तुमचाही होणार नाही असे नाही. शुश्रूषेचा भार मोजण्यासाठी स्टीव्हन झॅरिट यांची २२ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. डॉक्टरांकडून ती मागून घ्या आणि दर तीन महिन्यांनी भरा. आकडा वाढू लागला की मदतीचे तास वाढवायचे, एवढे आत्ताच ठरवून ठेवा, म्हणजे तो निर्णय पुन्हा एखाद्या न झोपलेल्या रात्रीवर अवलंबून राहणार नाही.

या आठवड्यात डॉक्टरांकडे दोन वेळा नोंदवा : एक आईच्या नावाने, तिचे रात्रीचे जागरण तपासण्यासाठी, आणि दुसरी तुमच्या नावाने, रक्तदाबासाठी. दुसऱ्या भेटीला आईला बरोबर नेऊ नका. त्या तासाभरासाठी तिच्याजवळ कोण बसेल, हे विचारायला आज संध्याकाळी भावाला तुम्हीच फोन करा.